घराची पाटी

(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)

सोलापुरात रिकाम्या जागेच्या दारावर पाटी लागते ती अशी: ‘जागा भाड्याने देणे आहे.’ अक्कलकोट ओलांडून इंडी-विजापूरकडे गेले की तीच पाटी ‘मने बाडिगेगे इदे’ अशी होते. भाडे आणि बाडिगे हे शब्द कानाला इतके सख्खे वाटतात, की कोण कोणाच्या घरी भाड्याने राहत आहे ते भाषापंडितांनीच ठरवावे. गेल्या उन्हाळ्यात इंदूरला आत्याकडे गेले तेव्हा तिसरी पाटी पाहिली: ‘मकान किराये से देना है.’ शाळेच्या हिंदी पुस्तकात आम्ही ‘किराये पर’ शिकलो होतो. इंदूरकर मात्र घर ‘किराये से’च देतात. हा ‘से’ म्हणजे आपल्या ‘भाड्याने’मधला ‘ने’ असावा आणि होळकरांबरोबर तो माळव्यात गेला असावा, असा माझा एक बिनपुराव्याचा तर्क आहे.

तिन्ही पाट्यांत एक गोष्ट मात्र सारखीच. घराविषयी त्यांत एक अक्षर नसते. खोल्या किती, पाणी कधी, भाडे काय, याचा पत्ता नाही. त्याखाली बारीक अक्षरांत कोणी येऊ नये याची यादी मात्र असते. आपण एखाद्या दुकानावर ‘माल विकणे आहे’ एवढेच लिहून खाली ‘अमुक गिऱ्हाइकांनी येऊ नये’ असे लिहिले, तर लोक हसतील. घराच्या बाबतीत कोणी हसत नाही. विपणन या विषयात आम्हांला उत्पादन, किंमत, स्थान आणि प्रसार या चार गोष्टी घोकून घ्याव्या लागतात. उदाहरणे साबणाची आणि टूथपेस्टची असतात. पण आपल्यापैकी कितीजण साबण विकणार आहेत? त्याऐवजी वडिलांनी बांधलेल्या घराची वरची खोली भाड्याने देण्याची वेळ यांतल्या निम्म्या लोकांवर तरी येईल, आणि तोवर आपण स्वतःच दुसऱ्याच्या खोलीत राहत असू. म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करते. माझे म्हणणे एवढेच, की चांगला भाडेकरू माणसे चाळून मिळत नाही, घराविषयी खरे सांगून मिळतो.

इथे एक खुलासा. लालबाग म्हटले की आमच्या मराठी विभागाच्या वाचकांना मुंबईचा गणपती आठवेल आणि कन्नड विभागाच्या मैत्रिणींना हैदरअलीने सुरू केलेली बंगळूरची बाग आठवेल. मी म्हणते तो लालबाग इंदूरचा. खान नदीच्या काठी होळकरांचा हा राजवाडा आहे. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात 1886 मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात 1921 मध्ये संपले. त्याचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावरून विलायतेत ओतवून आणलेले आहे. पुढे हा वाडा सरकारकडे गेला. होळकरांच्या दुसऱ्या वाड्यात, माणिकबागेत, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याची कचेरी बसली. राजेलोकांच्या घरांना शेवटी सरकारच मिळते. आत्याच्या दोन खोल्यांना मात्र कोणीच मिळत नव्हते.

तिचे घर या लालबागेच्या मागच्या वस्तीत आहे. खाली ती एकटी राहते. वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि छोटी गच्ची आतोबांनी निवृत्तीच्या पैशांतून बांधली, ती म्हातारपणी भाडे यावे म्हणूनच. आतोबा गेले. आता त्या भाड्यावर आत्याची औषधे, विजेचे बिल आणि घरपट्टी चालते. ती फोनवर म्हणाली, “अगं, वरचा मजला खाली आहे.” सोलापूरच्या माणसाला हे वाक्य कोड्यासारखे वाटेल. इंदुरी मराठीत ‘खाली’ म्हणजे रिकामा. गंमत सोडली, तर तीन महिने घर रिकामे म्हणजे तीन महिने औषधांना बँकेतल्या ठेवीतून पैसे.

पाटी होती: ‘किराये से देना है. केवल शाकाहारी परिवार. विद्यार्थी, वकील, पुलिस क्षमा करें.’

हे वाचून मी आधी हसले. पण आत्याची भीती हसण्यासारखी नाही. आतोबांच्या हयातीत एक भाडेकरू चार वर्षे जुन्याच भाड्याने बसून राहिला होता. सोड म्हटले की “कोर्टात जा” म्हणायचा. शेवटी गेला तो पंख्यांसकट. त्या धास्तीतून ही पाटी जन्माला आली होती. वकील नको, कारण त्याला कायदा ठाऊक. पोलीस नको, कारण त्याला बाहेर कोण काढणार? विद्यार्थी नकोत, कारण दंगा. उरले शाकाहारी परिवार, म्हणजे आपल्यासारखे लोक, आणि आपल्यासारखे लोक चांगलेच असतात.

तीन महिन्यांत पाटी वाचून आले तरी कोण? एका गृहस्थाने “दोघेच आहोत” सांगितले. गल्लीतल्या वाण्याला मात्र तो आठ माणसांच्या किराण्याचा भाव विचारून गेला होता. दुसरा प्रत्येक अटीला “हां जी, हां जी” म्हणाला. मागच्या घरमालकाचा पत्ता विचारताच परत आला नाही. एक दलाल आला, तो एका महिन्याचे भाडे दलाली मागत होता. पाटीवर अटी जितक्या जास्त, तितके येणाऱ्याचे खोटे बोलण्याचे धडे पक्के. ज्याला खोटे बोलायचे नाही तो पाटी वाचूनच पुढे जातो, आणि त्यालाच तर आपण शोधत असतो.

अर्थशास्त्राच्या सरांनी जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांच्या 1970 सालच्या एका निबंधाविषयी सांगितले होते. 2001 चे नोबेल पारितोषिक त्यांना ज्या कामासाठी विभागून मिळाले, त्यात हा निबंध येतो. विषय जुन्या मोटारींचा. आपण स्कूटर समजू. विकणाऱ्याला स्कूटरची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा म्हणतो, बहुधा खोड असणार, मी किंमत कमीच देईन. त्या कमी किमतीत चांगली स्कूटर कोणी विकायला काढत नाही, आणि बाजारात खोडीच्याच स्कूटरी उरतात. भाड्याच्या घरात हा प्रकार दुहेरी चालतो. घराची खोड भाडेकरूला माहीत नसते आणि भाडेकरूची खोड घरमालकाला माहीत नसते. दोघेही एकमेकांवर संशय घेऊन भाव करतात. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती, आणि त्याच शहरांत माणसे खोली शोधत फिरत होती. सगळी घरे संशयापायीच रिकामी होती असे मी म्हणत नाही, पण आत्याची त्या जातीची होती.

तेव्हा सुरुवात कोणी करायची? मला वाटते घरमालकाने, कारण पाटी त्याच्या हातात असते. हा केवळ माझा साधुपणा नव्हे. आपल्या ग्रंथालयातल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या प्रतीत कलम 108 काढून पाहा. कायदा 1882 सालचा आहे. जागेत असा मोठा दोष असेल, की जो घरमालकाला माहीत आहे, भाडेकरूला माहीत नाही, आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला कळणार नाही, तर तो सांगणे घरमालकावर बंधनकारक आहे. म्हणजे जी गोष्ट लपवण्यात आपण हुशारी मानतो, ती सांगावी असे कायदा दीडशे वर्षांपूर्वीपासून म्हणतो आहे.

मी आणि आत्याने दोन दुपारी बसून एक कागद तयार केला. वर हिंदीत, खाली मराठीत, कारण त्या भागात मराठी घरे पुष्कळ. त्यात खोल्यांची मापे पावलांनी नव्हे, टेपने मोजून लिहिली. भाडे आकड्यांत लिहिले. अनामत रक्कम दोन महिन्यांची, आणि ती घर सोडल्यावर किती दिवसांत परत देणार, त्यातून कशाचे पैसे कापणार, तेही लिहिले. विजेचा वेगळा मीटर. नळाला पाणी एक दिवसाआड, वर चढवण्यासाठी मोटर, टाकी पाचशे लिटरची. मग दोषांकडे वळलो तेव्हा आत्याचा हात अडखळला. नदी जवळ आहे म्हणून संध्याकाळी डास येतात. मे महिन्यात लालबागेच्या आवारात मालवा उत्सव भरतो तेव्हा रात्री उशिरापर्यंत आवाज असतो आणि गल्लीत दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या राहतात. गच्चीच्या खोलीत मार्चपासून उकडते.

“हे लिहिलंस तर कोण येईल?” आत्या म्हणाली.

“आत्या, तू नाही लिहिलंस तर येईल, आणि जूनमध्ये जाईल,” मी म्हटले.

जाळ्या बसवायला मात्र ती स्वतःहून तयार झाली. दोष कागदावर लिहिला, की तो दुरुस्त करावासा वाटू लागतो, हा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. डासांच्या ओळीपुढे ‘खिडक्यांना नवीन जाळ्या आहेत’ असे लिहिताना तिच्या चेहऱ्यावर विजयाचे हसू होते. जिन्याची भिंत पोपडे धरून होती, ती घासून चुना मारला. न्हाणीघराची गळती बंद केली. बाकी घर होते तसेच ठेवले.

याच इंदूरमध्ये, याच तत्त्वावर, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक मोठा प्रयोग झाला होता, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार तेव्हा होळकर दरबारासाठी शहराचा अभ्यास करीत होते. त्यांचा अहवाल 1918 साली छापला गेला. गावात प्लेगची भीती. हा दाढीवाला साहेब नकाशे घेऊन गल्लोगल्ली फिरतो, म्हणजे घरे पाडणार, असे लोकांना वाटे. गेडीस यांनी महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली आणि 1917 च्या दिवाळीत मिरवणूक काढली. तिच्यात दहन करायला रावणाबरोबर प्लेगचा भलामोठा उंदीर होता. आणि मिरवणूक जाणार कोठून? ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत जास्त झाडलेली, दुरुस्त केलेली असतील, त्या रस्त्यावरून! मग काय, आळीआळीत चढाओढ लागली. लोकांनी कचरा गाड्यांनी बाहेर काढला, भिंती रंगवल्या. दंडाने झाले नसते ते मिरवणुकीने झाले. गेडीस यांचे म्हणणे असे असे, की जुनी वस्ती सरसकट पाडू नये, अगदी वाईट तेवढे काढावे आणि चांगले राखावे. भाड्याच्या घरालाही हेच लागू आहे. फरशी बदलून संगमरवर घालण्याची गरज नसते. गळका नळ आणि पोपडे, एवढे आधी.

आता भाड्याचा आकडा. शेजारच्या बाईंनी “अकरा हजाराखाली देऊ नका” असे आत्याला सांगून ठेवले होते. शेजारच्या बाईंचे काय जाते? आसपासचा चालू भाव नऊ हजार होता. आत्याला मी हिशेब मांडून दाखवला. नऊ हजारांनी लगेच दिले तर वर्षाचे 1,08,000 रुपये. अकरा हजारांसाठी तीन महिने थांबून दिले तर उरलेल्या नऊ महिन्यांचे 99,000 रुपये. जास्त भाडे घेऊन नऊ हजार रुपये कमी! तीन महिन्यांचे बुडालेले 27,000 रुपये दोन हजारांच्या वाढीने भरून यायला साडेतेरा महिने लागतात, आणि करार असतो अकरा महिन्यांचा. हे त्रैराशिक सातवीतले आहे. पण रिकाम्या घराचे नुकसान खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून माणसे ते मोजत नाहीत.

कागद कोठे लावायचा हेही महत्त्वाचे. विजेच्या खांबावर लावला तर खांबापाशी उभे राहणारे लोक येतील. आम्ही तो जवळच्या एका रुग्णालयाच्या, एका शाळेच्या आणि एका बँकेच्या सूचनाफलकावर परवानगी काढून लावला. आठ दिवसांत नऊजण आले. त्यांतल्या चौघांनी डास आणि मे महिन्याचा आवाज वाचून कागदापाशीच विचार बदलला होता, म्हणजे फोन करून नकार कळवला. मी हे यश मानते. ते चौघे आले असते तर भांडून गेले असते.

उरलेल्यांत एक परिचारिका होती, बुऱ्हाणपूरकडची, आईसोबत राहणारी. कागद तिने घडी घालून पिशवीतून आणला होता. तिने आधी रात्रपाळीचे सांगितले: आठवड्यातून दोनदा पहाटे फाटक वाजेल. नंतर म्हणाली, “महिन्यातून एखादवेळी अंडी करते. चालत नसेल तर आत्ताच सांगा.” आत्या गप्प झाली. तिने दोन दिवस मागून घेतले.

ते दोन दिवस आमच्यात वाद झाला, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. आत्या म्हणे, “माझं घर, मी कोणाला द्यायचं ते मी ठरवीन.” मी म्हटले, “ठरव. पण कशावरून ठरवतेस?” चांगला भाडेकरू म्हणजे वेळेवर भाडे देणारा, घर जपणारा, शेजाऱ्यांशी नीट वागणारा आणि सांगितल्या दिवशी घर सोडणारा. यांतली कोणती गोष्ट आडनावावरून किंवा ताटावरून कळते? आतोबांचे पंखे नेणारा भाडेकरू पक्का शाकाहारी होता. कांदासुद्धा खात नसे.

आत्याच्या घरापासून महू वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. 1891 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तिथे झाला. गेडीस यांनी इंदुरात दिवाळीची मिरवणूक काढली त्याच 1917 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. सबंध बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव लावून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला लावली. शहरातल्या दोन परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. भाडे देण्याची ऐपत, सरकारी नोकरी, अबोल अभ्यासू स्वभाव, एकटा माणूस, पुस्तकांखेरीज सामान नाही. भाडेकरूत आणखी काय हवे असते? बडोद्याच्या घरमालकांनी त्या वर्षी शहरातला सर्वांत चांगला भाडेकरू गमावला, आणि तोही पाटीवरच्या बारीक अक्षरांपायी.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांची अशीच पारख करून 2015 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घर मागणाऱ्याचे नाव दलित किंवा मुसलमान असले, की नकार वाढत होते. आणि इतक्या लांब जायला कशाला हवे? मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा सोलापुरात ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’ अशी पाटी पाहून एका घरी गेले. वर्ग कोणता, कॉलेज कोणते हे विचारण्याआधी आडनाव विचारले गेले. आडनाव ऐकून “म्हणजे कानडी का?” असा प्रश्न आला. मी म्हटले, आईशी कन्नड बोलते, शाळा मराठीतून झाली. “जागा कालच गेली हो.” पाटी त्यानंतर महिनाभर तिथेच होती, कॉलेजला जाताना रोज दिसायची. मला वाईट वाटले ते वाटलेच. पण वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून हेही लक्षात आले, की त्या बाईंनी एका महिन्याचे भाडे माझ्या आडनावावर खर्च केले.

आत्याला मी हे सांगितले नव्हते. त्या दुपारी सांगितले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी परिचारिकेला फोन केला आणि म्हणाली, “स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवत जा म्हणजे झालं.” तिचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पाटीवरचे ‘केवल शाकाहारी’ पुढच्या वेळी परत येईलही. पण जी बाई अंडी करते हे स्वतःहून सांगते, ती नळ तुटला तरी सांगेल, एवढे तिला पटले.

राहिली न सोडणाऱ्या भाडेकरूची भीती. तिला माणसे चाळणे हा उपाय नाही, कागद हा आहे. ही भीती आली ती बरीचशी जुन्या कायद्यांतून. मुंबईत 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली आणि पिढ्यानपिढ्या तशीच राहिली. मग पागडी आली, घरमालकांनी दुरुस्त्या सोडल्या आणि चाळी पडायला आल्या. मध्य प्रदेशातही 1961 चा स्थान नियंत्रण कायदा झाला आणि घर रिकामे करून घेण्याची कारणे त्यात मोजून दिली गेली. पुढे त्यात विधवा, निवृत्त सरकारी नोकर अशा घरमालकांसाठी वेगळे प्रकरण घालून जवळची वाट करून देण्यात आली; आतोबा गेल्यावर आत्या त्याच वाटेची झाली होती, पण तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. अकरा महिन्यांच्या कराराचे मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे त्याने सक्तीचे केले, म्हणून लोक अकरावर थांबले. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि तो नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. आपल्या गावात किती घरमालकांना हे माहीत आहे? 2021 साली केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, घरमालकाने आत यायचे तर चोवीस तास आधी कळवावे, आणि मुदत संपूनही भाडेकरू बसून राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट, नंतर चौपट भाडे, असे आहे. नमुना तो नमुनाच. स्वीकारायचा की नाही ते राज्यांनी ठरवायचे. पण दोन पक्षांनी आपल्या करारात शहाणपणाची कलमे त्यातून उचलायला कोणाची हरकत नसावी. आत्याने अनामतीचे कलम उचलले. चोवीस तासांचे तिला पटले नाही. “माझ्याच घरात मी चिठ्ठी पाठवून जाऊ?” असे तिचे म्हणणे. यावर मी हरले.

परिचारिका राहू लागली त्याला आता काही महिने झाले. एका महिन्याचे भाडे दहा दिवस उशिरा आले, आणि आत्याने फोनवर माझ्याकडे तक्रार केली. पण पगार लांबला आहे हे तिने पाच तारखेलाच वर येऊन, म्हणजे खाली येऊन, सांगितले होते.

आता आपल्या कॉलेजविषयी. दर जून-जुलैत जत, अक्कलकोट, मंगळवेढा, इंडी इथून मुलेमुली येतात आणि गल्लोगल्ली पाट्या वाचत हिंडतात. कन्नड माध्यमातून आलेल्यांना तर मराठी पाटी धड वाचताही येत नाही. माझी सूचना अशी, की कॉलेजच्या कार्यालयाबाहेर खोल्यांची एक वही ठेवावी. खर्च एका वहीचा. ती वाणिज्य शाखेच्या मुलांनी चालवावी, नोंद मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारीशेजारी करावी. रकाने असे: भाडे, अनामत, आणि ती परत देण्याची मुदत, पाण्याची वेळ, विजेचा दर युनिटला किती, फाटक किती वाजता बंद, पावती मिळते की नाही, आणि शेवटचा रकाना दोषांचा, जो भरल्याशिवाय नोंद घ्यायची नाही. आडनावाचा आणि जातीचा रकाना नको. ज्या मुलांनी मागच्या घरमालकाचे पैसे बुडवले असतील त्यांच्यासाठीही एक पान हवे, असे माझ्या वर्गातल्या एकाचे म्हणणे आहे. ते मला अर्धेच पटते, कारण त्या पानावर नाव कोण लिहिणार हा प्रश्न उरतो. त्यापेक्षा नीट राहिलेल्या मुलांना घर सोडताना घरमालकाने चार ओळींची चिठ्ठी द्यावी. पुढच्या खोलीसाठी ती आडनावापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मी सध्या राहते त्या घरमालकीणबाईंना ही कल्पना सांगितली. त्यांच्याकडे जुलैत एक कॉट रिकामी होणार आहे, आणि पहिली नोंद माझी करा असे त्या म्हणाल्या. सगळे रकाने त्यांनी भराभर सांगितले. शेवटच्यापाशी थांबून त्यांनी विचारले, “ढेकणांचंसुद्धा लिहायचं का गं?”

लिहायचे, असे मी म्हटले. त्यांनी दुसऱ्या दिवशी गाद्या उन्हात टाकल्या.